वरातीची होडी

खट्ट!

स्टीलची टेप सर्रकन आपल्या डबीत शिरली आणि पाऊण तास थोपटून थोपटून जमवलेली दुपारची शांतता एका झटक्यात फुटली. मैत्रेयीने श्वास रोखून पलंगाकडे पाहिलं. पाच वर्षांच्या अपूर्वाची पापणी थरथरली, कूस बदलली गेली, मूठ उघडली आणि पुन्हा मिटली.

"वरद, हळू!"

"एकवीस फूट," नवरा दारातून कुजबुजला. वरदची कुजबुज शेजारच्या बंगल्यापर्यंत जाई. "आपलं अंगण सव्वीस आहे. ऐसपैस बसते. फक्त तुळस जरा सरकवावी लागेल."

"काय सरकवायचंय?" स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला. शोभाताईंना हल्ली कमी ऐकू येतं असं त्या स्वतःच सांगत, पण तुळशीचं नाव त्यांना दोन भिंतींपलीकडूनही ऐकू येई.

अपूर्वा उठून बसली. केस डोळ्यांवर, गालावर उशीची नक्षी. "बोट आली?"

मैत्रेयीने हातातली टिपणांची वही मिटली. आजचा तिचा वाचायचा वेळ संपला होता.

वरदला शिडाची होडी घ्यायची होती. जुनीच, छोटी, चार-पाच माणसांना पुरेल अशी. तिच्यात बसून किनाऱ्याकिनाऱ्याने मुरूडहून मालवणपर्यंत जायचं, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा आणि सकाळी ताजे फडफडीत... इथे तो अडखळे, कारण या घरात चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर राहायचा. "सकाळी ताजे पोहे," असं म्हणून तो वाक्य पुरं करी.

नगरहून कुठल्याही दिशेने निघालं तरी रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. सावेडीतल्या त्यांच्या घराला नळाचं पाणी एक दिवसाआड येई, तेही पहाटे. त्यामुळे शोभाताईंचं पहिलं मत तिथल्या तिथे नोंदवलं गेलं होतं: "घरात प्यायला पाणी नाही आणि हा बोट आणतोय. घंघाळात चालव."

वरद सुप्याच्या एमआयडीसीत रबरी वायसर तपासायचा. दिवसाला काही हजार वायसर, सगळे एका मापाचे, सगळे काळे. इतकी गोल भोकं बघितल्यावर माणसाच्या मनाला कुठेतरी पळून जावंसं वाटणारच. वरद वर्षाला एक छंद या वेगाने पळत असे. एका वर्षी दुर्बीण आली, शनीची कडी दिसली, मग शेजारच्यांची गच्ची दिसायला लागली म्हणून सासऱ्यांनी ती माळ्यावर टाकायला लावली. त्यानंतर मातीवाचून पालक झाला. मग मधमाश्यांची पेटी आली. माश्यांनी दोन दिवस मुक्काम केला, कॉलनीच्या सेक्रेटरींना चावल्या आणि निघून गेल्या. मैत्रेयी या सगळ्याकडे वळवाच्या पावसाकडे बघावं तशी बघे. गडगडतं, चार थेंब पडतात, धुरळा बसतो.

होडी मात्र तिला बाधली.

सुरुवातीला ती वाचायला लागली ते नकाराचे मुद्दे गोळा करायला. अपूर्वा होण्याआधी ती सुप्यातच एका कंपनीत मशीनच्या भागांची ड्रॉइंग करायची. वस्तू उभी का राहते आणि पडते का, हे शोधायची तिला जुनी खोड. एका कानात इअरफोन, एका हाताने वरण-भात कालवणं, तिसऱ्या हाताने, म्हणजे जो हात फक्त आयांना असतो त्याने, पोरीच्या नाकाखालचं पुसणं, आणि मधूनच कानात कुणीतरी सांगतंय की जुनी होडी घेताना डेक ठोकून बघावा. तिला कळलं की शिडाच्या होडीच्या पोटाखाली बिडाचं एक जड पातं असतं, त्याला कील म्हणतात. वर वारा शिडाला ढकलतो, खाली ते पातं होडीला धरून ठेवतं. लहान मुलांची ती बुडाशी जड बाहुली असते ना, कितीही ढकला, हलत-डुलत पुन्हा उभी राहणारी? तशी. ते वाचलं त्या दुपारी तिने फोन खाली ठेवला आणि बराच वेळ खिडकीतून वाळत घातलेल्या चादरीकडे पाहत बसली. चादरीत वारा भरत होता.

तिचं माहेर पाथर्डी तालुक्यातलं तिसगाव. लहानपणी तिने पाणी पाहिलं ते टँकरमधून उतरताना. समुद्र आयुष्यात एकदाच, लग्नानंतर दोन दिवस, आणि त्यातला एक दिवस वरदचं पोट बिघडलेलं. गेल्या पाच वर्षांत तर तिचा दिवस कुणीतरी विळीवर घेऊन चिरल्यासारखा झाला होता. वीस मिनिटांहून मोठी फोड तिच्या वाट्याला येत नव्हती. आणि होडीत म्हणे तासन्‌तास काहीच करायचं नसतं. वारा कुठून येतो तेवढं बघायचं.

तिला ती होडी हवी होती. वरदपेक्षा जास्त हवी होती. पण हे ती कुणाला बोलली नाही, कारण या घरात वरदला काही हवं असलं तर तो छंद असे, आणि तिला हवं असलं तर तो हट्ट झाला असता. वरदचा छंद टिकावा, एवढीच तिने आस धरली होती.

सासरे हेमचंद्रराव महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी होडीला विरोध केला नाही. त्यांनी फाइल उघडली. पिवळ्या पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरात: 'विषय: होडी, शिडाची, जुनी.' आत पहिला कागद म्हणजे अठरा प्रश्नांची यादी, त्यातला पहिला प्रश्न, 'सातबारा कुणाच्या नावावर?'

"बाबा, होडीला सातबारा नसतो."

"मग ती उभी कशावर असते?"

"पाण्यावर."

"पाणी कुणाचं? जलसंपदाचं. म्हणजे त्यांचा ना-हरकत दाखला लागणार." आणि त्यांनी एकोणिसावा प्रश्न लिहिला.

जाहिरात वरदलाच सापडली. एकवीस फुटी, फायबरची, शिडासकट, भंडारदरा. तो आनंदाने अंगणात धावला. "आपल्याच जिल्ह्यातली आहे! मुंबईला जायला नको, फसवणूक नको, आणि गोड्या पाण्यातली म्हणजे गंजसुद्धा नसणार!" समुद्राची होडी डोंगरात का मिळते आहे, हा प्रश्न अठरा-एकोणिसात कुठेच नव्हता.

"जुनी वस्तू घ्यायची तर आपला माणूस बरोबर पाहिजे," हेमचंद्रराव म्हणाले. "त्या तुमच्या दाऊदभाईंना बोलावून घे, मैत्रेयी."

दाऊदभाई म्हणजे तिसगावचे दाऊदचाचा. त्यांचं ट्रॅक्टरचं गॅरेज मैत्रेयीच्या माहेराला लागून. त्यांनी ठोकून-ऐकून पास केल्याशिवाय त्या पंचक्रोशीत कुणी जुना ट्रॅक्टर घेत नसे. फोनवर चाचांनी आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, म्या आजवर व्हडी फकस्त क्यालेंडरात बगितली हाय."

"तरी या, चाचा."

"यीन की. बसायला मिळंल म्हनून यीन."

सुट्टीच्या दिवशी सकाळी सहाला सात सीटांची गाडी निघाली. पुढे वरद आणि फाइल मांडीवर घेतलेले हेमचंद्रराव. मध्ये शोभाताई, दशम्यांचा डबा, आणि स्वतंत्र सीटवर कापडात गुंडाळलेला नारळ. मागे दाऊदचाचा, मैत्रेयी आणि तिच्या मांडीवर अपूर्वा. संगमनेरला मिसळ झाली, अकोले गावात चहा झाला. शोभाताईंचे प्रश्न वाटेत संपत नव्हते.

"त्यात न्हाणीघर आहे का?"

"छोटंसं आहे, आई."

"आणि स्वयंपाक करताना तोंड कुठे येतं? पूर्वेला ना?"

वरदने आरशातून पाहिलं. "आई, होडी वळली की दिशा बदलते."

"मग वळवायची नाही," हेमचंद्ररावांनी निकाल दिला आणि फाइलमध्ये नोंद केली.

शेंडी गावाच्या अलीकडे रस्त्यालगत पाटी होती: 'हॉटेल सागरकिनारा, शुद्ध शाकाहारी व मांसाहारी.' चहूकडे डोंगर. मालकाचं नाव श्रीमंत. पांढरा कडक शर्ट, हाताच्या चार बोटांत चार अंगठ्या, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं आपण उशिरा आलो, थोडक्यात वाचलो.

"या या या, काका! आत्ताच नाशिकचं गिऱ्हाईक येऊन गेलं. म्या म्हनलो, न्हाई. नगरची मानसं यायलीत, पयला मान घरच्यांचा."

होडी हॉटेलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये उसाच्या ट्रॉलीवर चढवलेली होती. पांढरी, निमुळती. डोलकाठी आडवी बांधलेली. पुढच्या टोकाला झेंडूच्या वाळल्या माळा, आणि ट्रॉलीभोवती खालपर्यंत निळ्या सॅटिनची झालर, तिच्यावर प्लास्टिकची फुलं. मागच्या बाजूला टेम्पोवर असतात तशा अक्षरात लिहिलं होतं, 'आई-वडिलांचा आशीर्वाद', आणि त्याखाली, 'अंतर ठेवा.'

"ही झालर कसली?" मैत्रेयीने विचारलं.

"वहिनी, काय सांगू! लई पायगुनाची व्हडी. अकोल्या-राजुरात न्हाई म्हनलं तरी नऊ नवरदेव हिच्यावरून मांडवात गेल्यात. घोडं बिथरतं, रथ समद्यांकडंच असतो. व्हडीतून वरात फकस्त आपल्याकडं! वर नवरदेव, फुडं डीजे, खाली धूर सोडायचा. मानसाला वाटतं ढगातून येतोय."

"आणि पाण्यात?"

"पान्यात बी गेल्ती की. पयल्या वर्षी." श्रीमंतने विषय वळवला. "सिंगल ओनर हाय बरं का. मुंबईचं डॉक्टर व्हतं, फकस्त रविवारचं चालवायचं."

हेमचंद्ररावांनी चष्मा लावला. "ॲव्हरेज काय देते?"

"बाबा, ती वाऱ्यावर चालते," वरद दबक्या आवाजात म्हणाला.

"वाऱ्यावर का चालेना, काहीतरी देतच असेल ना?"

"लई देती, काका," श्रीमंत म्हणाला. हेमचंद्ररावांनी लिहून घेतलं: 'ॲव्हरेज: समाधानकारक.'

दाऊदचाचा होडीकडे फिरकलेच नाहीत. हात मागे बांधून ते श्रीमंतच्या भोवती दोन चकरा मारून आले. त्यांचा नियमच होता, आधी मालक बघायचा, मग माल.

मैत्रेयीने डब्यातला स्टीलचा चमचा घेतला आणि अपूर्वाला कडेवर घेऊन शिडीवरून होडीत चढली. बाजारात माठ घेताना बायका बोटाच्या पेराने वाजवून बघतात, तसंच हे. तिने डेकवर चमचा ठोकला. टण. चार बोटं सरकून पुन्हा. टण.

"मी! मी!" अपूर्वाने चमचा ओढून घेतला.

"ठोक हं. टण वाजलं तर चांगलं. भद्द वाजलं तर आतून कुजलेलं."

दोघी मायलेकी गुडघ्यांवर रांगत अख्खा डेक ठोकत गेल्या. टण, टण, टण. डोलकाठीच्या बुडाशी एकदा भद्द वाजलं, तेव्हा अपूर्वा इतकी खूश झाली की तिने तिथेच सहा वेळा ठोकलं. पण ते तळहाताएवढंच. दुरुस्त होण्यासारखं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा मैत्रेयीने फडक्याने पुसून बघितल्या, कुठे धागा सुटलेला नव्हता. आत खाली दोन अरुंद बाकं, एक गोल खिडकी, आणि पोत्यात घालून ठेवलेली शिडं. उंदरांचा वास होता, पण कापड अखंड होतं. तिने शिडाची एक कड हातात धरली. कडक, जाड, मिठाने की धुळीने कोण जाणे खरखरीत झालेली. गोल खिडकीतून शेडचा पत्रा दिसत होता. तिने डोळे बारीक केले, तर तो पाणी म्हणून चालला असता.

होडी चांगली होती. तिच्या वहीतल्या एकेका मुद्द्यावर बरोबरची खूण पडत होती, आणि प्रत्येक खुणेगणिक तिच्या छातीत काहीतरी हलकं होत चाललं होतं.

"आई, मी खाली लपते. शोध मला!" अपूर्वा शिडीवरून उतरली आणि निळी झालर उचलून ट्रॉलीखाली दिसेनाशी झाली.

"अपू, तिथे खिळे असतील!" मैत्रेयी तिच्या मागे वाकली, साडीचा पदर खोचला आणि ओणवी होऊन आत शिरली.

खाली निळा उजेड होता. ट्रॉलीच्या लोखंडी चौकटीतून होडीचं पोट डोक्यावर दिसत होतं, इतकं जवळ की हात लागावा. अपूर्वा मांडी घालून बसली होती. "आई, हे आपलं घर. तू ये."

मैत्रेयी तिच्याजवळ बसली. तिने वर पाहिलं, आणि तिचा हात पोरीच्या केसांतच थांबला.

पोट सपाट होतं. जिथून ते पातं खाली यायला हवं होतं तिथे सिमेंट लिंपल्यासारखा हातभर ओबडधोबड चट्टा होता, वर पांढरा रंग फासलेला, आणि त्यातून कापलेल्या सहा बोल्टांची टोकं गंजून बाहेर डोकावत होती. शेजारी फायबरला केसासारखी बारीक चीर, चट्ट्यापासून निघून वीतभर लांब गेलेली.

कील नव्हतीच.

बाहेर वरदचा हसण्याचा आवाज आला. "काय सांगता! हलकी आहे?"

"उचलून दावतो ना! ए पोरांनो, या रं!" पायांची धावपळ झाली. झालरीखालून मैत्रेयीला सहा जणांच्या चपला दिसल्या. ती पोरीला पोटाशी धरून बाजूला सरकली. "हं! उचला!" आणि होडीचं मागचं टोक ट्रॉलीवरून चार बोटं उचललं गेलं, पुन्हा टेकलं. बाहेर टाळ्या पडल्या. समुद्रावर जायच्या होडीचं मागचं टोक सहा पोरांनी उचललं, म्हणून तिच्या घरचे टाळ्या वाजवत होते.

"वा!" हेमचंद्रराव म्हणाले. "हलकी म्हणजे टिकाऊ. मुहूर्त पावणेबाराचा आहे. वरद, नारळ आण."

मैत्रेयी पुन्हा त्या चिरेकडे बघायला लागली. नारळ फुटला की बोलायचं काही उरत नाही, हे तिला या घरात आल्या वर्षीच कळलं होतं. घर घेताना, गाडी घेताना, एवढंच काय, तिची नोकरी सुटली तेव्हाही, आधी नारळ फुटला आणि मग चर्चा झाली. इथे खाली दुसरं कुणी वाकून बघणार नव्हतं. बाबांच्या गुडघ्यांत वाकायची ताकद नव्हती, वरदला वाकायची गरज वाटत नव्हती. ती गप्प राहिली तर होडी आज तिची होणार होती. अंगणात उभी राहील. निदान शिडं शिवता येतील. निदान गोल खिडकीजवळ बसता येईल. आणि समुद्र... समुद्राचं पुढे बघता येईल. वरदला सहा महिन्यांत कंटाळा येईलच, होडी पाण्यात पडणारही नाही कदाचित.

कदाचित.

"आई, आपण हिच्यात बसून समुद्रात गेलो की मी पुढे बसणार हं," अपूर्वा म्हणाली. "अगदी टोकाला."

मैत्रेयी झालर उचलून बाहेर आली. वरद नारळ डोक्याच्या वर धरून उभा होता.

"थांब. खालचं वजन कुठे आहे?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिच्या केसांत जाळं अडकलं होतं.

"कसलं वजन?" वरदने विचारलं, नारळ तसाच वर.

"ते व्हय," श्रीमंत प्रसन्न झाला. "ते शेपूट व्हतं खाली, चार-साडेचारशे किलूचं. व्हडी ट्रॉलीवर बसंना. नवरदेव वाकडा दिसायचा. मग ग्याससेटनं कापलं. आपन हलकी करून देतोय, वहिनी, त्याचं येगळं काय घेत न्हाई."

"वरद, तेच तर तिला उभं धरतं. वर शीड असतं, वारा ढकलतो. खाली वजन नसलं तर ती पहिल्याच झोतात आडवी होणार. पुन्हा उठणार नाही."

"अगं, पण हलकी असली तर उलट तरंगेल ना," वरद समजुतीने म्हणाला.

"लाकडाचा ओंडका पण तरंगतो. त्याच्यावर उभी राहू का अपूला घेऊन?"

"तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा लागेल," हेमचंद्रराव म्हणाले. "मुहूर्त तेवढा जाऊ देऊ नका."

"मी काय सांगते आहे मग?"

"अगं, तू सांगते आहेसच, पण..." शोभाताईंनी हात हलवला. त्या 'पण'च्या पुढचं कुणी बोलायची गरज नव्हती.

दाऊदचाचा तेव्हा पहिल्यांदा होडीजवळ आले. धोतराचा सोगा सावरून, कण्हत वाकले, झालरीखाली पाहून परत उभे राहिले.

"पोरगी बराबर बोलती," ते म्हणाले. "ट्रॅक्टरला नांगर जोडला की म्होरं लोखंडी वजनं का लावत्यात? तोंड उचलू नये म्हनून. तेच हाय हे. हितं वारा नांगर हाय."

"हां!" हेमचंद्ररावांचा चेहरा उजळला. "आता कळलं! बघा, याला म्हणतात अनुभव. दाऊदभाई, अगदी नेमकं पकडलंत."

"म्या कुटं पकडलं? तिनं पकडलं. म्या नुस्ता ट्रॅक्टर सांगितला."

"तेच, तेच," हेमचंद्रराव म्हणाले, आणि फाइलमध्ये लिहिलं, 'श्री. दाऊदभाई यांनी तांत्रिक दोष निदर्शनास आणला.'

श्रीमंत असा तसा हार जाणारा नव्हता. "मग एवडंच ना? शेपूट हाय की! मांडव उडू नये म्हनून दोराला बांदलंय, थितं, लॉनवर. येत्या बेस्तरवारपोतुर नवीन बोल्ट मारून, वरनं एम-सील चोपडून, परत लावून देतो. झालं?"

वरद वळला. त्याचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते. नारळ आता दोन्ही हातांत छातीशी धरलेला. "होईल ना गं तसं? तू सांग. तू वाचलंयस ना सगळं?"

लग्नाला आठ वर्षं झाली होती. यंत्रातलं, वस्तूतलं काही त्याने तिला विचारल्याची ही पहिली वेळ. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. आता तिच्या हो म्हणण्याला वजन होतं. नुसतं 'होईल' म्हणायचा अवकाश. तिने होडीकडे पाहिलं. अपूर्वा पुन्हा वर चढली होती, सुकाणूचा दांडा दोन्ही हातांनी धरून, ओठ घट्ट मिटून, समोरच्या डोंगरांतून वाट काढत होती.

"नाही होणार," मैत्रेयी म्हणाली. तिचा आवाज तिला परका वाटला. "बोल्ट कापले तिथे फायबरला चीर गेली आहे. वरून काही चोपडलं तरी आतून ती वाढत राहणार. धरणात एखादवेळ चालेल. समुद्रात ती सुटेल तेव्हा आपल्याला कळवून सुटणार नाही. नको घ्यायला."

शेडवरचा पत्रा वाऱ्याने करकरला.

"नारळ तरी फोडा," श्रीमंत शेवटी म्हणाला. "पोरांनी ताटली आनलीय."

नारळ दगडावर फुटला. खोबरं सगळ्यांनी खाल्लं. श्रीमंतने पिठलं-भाकरी खाऊ घातली, कारण सौदा मोडला म्हणून पाहुणा उपाशी पाठवायची रीत तिकडे नाही. निघताना तो मैत्रेयीला म्हणाला, "वहिनी, तुमी मांडवाच्या धंद्यात या. वजनाचं तुमाला लई कळतं." तो हे मनापासून म्हणत होता, आणि तिला आयुष्यात मिळालेल्या मोजक्या शाबासक्यांपैकी ती एक होती.

वरद घाट उतरेपर्यंत दुःखी होता. राजूरला गाडी पेढ्यांसाठी थांबली. हेमचंद्ररावांनी फाइलवर 'प्रकरण निकाली' असा शेरा मारून तारीख घातली. तेवढ्यात वरदने चहाच्या टपरीवर फोन बाहेर काढला, आणि पहिला पेढा तोंडात असतानाच त्याच्या भुवया वर गेल्या.

"बाबा, हे बघा. जुनी व्हॅन. आत पलंग, गॅस, सगळं. चालतं-फिरतं घर! हिला तर समुद्रसुद्धा लागत नाही."

"हिला सातबारा नसला तरी आरसी बुक असणार," हेमचंद्रराव समाधानाने म्हणाले. "नवी फाइल करावी लागेल."

"आत स्वयंपाक करताना तोंड कुठे येतं?" शोभाताईंनी विचारलं.

गाडी पुन्हा निघाली. पुढच्या सीटांवर व्हॅनचं मायलेज चाललं होतं. मागे दाऊदचाचा खिडकीला डोकं टेकून होते. मैत्रेयीला वाटलं, त्यांना डुलकी लागली.

"पोरी," ते डोळे मिटलेलेच ठेवून हळू बोलले. "तुला पायजे हुती व्हय ती?"

"मला?" मैत्रेयी हसली. "छे हो, चाचा. मी कुठे जाणार होडीतून? यांचाच छंद."

चाचा "हं" म्हणाले.

बाहेर प्रवरा रस्त्याला लागून चालली होती, मधेच दिसे, मधेच उसाआड जाई. मैत्रेयीने मांडीवरच्या पोरीला नीट पोटाशी घेतलं. अपूर्वाच्या हातात अजून तो चमचा होता. ती झोपलेली नव्हती. मान वर करून ती केव्हाची आईच्या हनुवटीकडे, मग पुढे वरदच्या पाठीकडे, मग पुन्हा आईकडे बघत होती, हिशेब न जमल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "बोटीचं सगळं तुलाच येत होतं ना? मग बोट बाबांची का होणार होती?"